व्हॅल्यू झिरो लिहिलंय, तरी आकडा शून्य का नाही?

बँकेचा कोबोल प्रोग्रॅम रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे सगळी खाती एका दमात काढणाऱ्या कामात, चालतो. पहिल्या खात्याचं व्याज पैशापैशाला बरोबर येतं. दुसऱ्याचं जास्त येतं, तिसऱ्याचं त्याहून जास्त, आणि यादी संपेपर्यंत आकडा फुगतच जातो. प्रोग्रॅम फाटत नाही, म्हणजे मध्येच बंद पडत नाही, एरर कोड येत नाही, जॉब रिटर्न कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', देऊन गुपचूप संपतो. सकाळी कोणीतरी टोटल जुळवायला बसतं तेव्हा कुठे लक्षात येतं.

कोबोलमध्ये असा घोळ दिसला की नवीन माणूस आधी व्याजाचं सूत्र तपासतो. सूत्र बरोबर असतं. मग इनपुट फाइल उघडतो, तीही बरोबर असते. मग वर्किंग-स्टोरेज, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटाची जागा, बघतो आणि तिथे तर स्वच्छ लिहिलेलं असतं: एकूण-व्याज, व्हॅल्यू झिरो, म्हणजे सुरुवातीची किंमत शून्य. आमच्याकडे नागपूरला मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये दरवर्षी नवी पोरं मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्यांच्या मोठ्या मशीनवर, येतात, आणि त्यांच्याकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं: "दादा, व्हॅल्यू झिरो तर लिहून आहे ना!"

लिहून आहे, खरं आहे. पण ते लागू कधी होतं, हा प्रश्न आहे. या पोरांचा कॉलेजचा सगळा हात जावा आणि पायथनवर बसलेला असतो. तिथे फंक्शनच्या आत घेतलेलं व्हेरिएबल दर वेळी नव्यानं तयार होतं आणि फंक्शन संपलं की जातं. ती सवय इतकी मुरलेली असते की कोबोलचा सबप्रोग्रॅम, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनं बोलावलेला प्रोग्रॅम, हाही तसाच वागत असणार, असं धरूनच माणूस कोड वाचतो. कोबोल तसं वागत नाही. ही भाषा १९५९ साली आखायला सुरुवात झाली, १९६८ मध्ये तिचं पहिलं अमेरिकन मानक आलं, आणि तिच्यात डेटाची जागा ही प्रोग्रॅमच्या सोबतच राहणारी गोष्ट आहे. प्रोग्रॅम मेमरीत आहे तोवर त्याची वर्किंग-स्टोरेजही आहे, आतल्या आकड्यांसकट.

एक उदाहरण जवळून बघू. मुख्य प्रोग्रॅम खात्यांची फाइल वाचतो आणि प्रत्येक खात्यासाठी व्याजकाढ नावाच्या सबप्रोग्रॅमला कॉल करतो. व्याजकाढच्या वर्किंग-स्टोरेजमध्ये एकूण-व्याज, व्हॅल्यू झिरो. आत प्रत्येक ठेवीचं व्याज काढून ते एकूण-व्याजमध्ये ॲड होतं, शेवटी ते मुख्य प्रोग्रॅमला दिलं जातं आणि गोबॅक, म्हणजे परत.

पहिल्या खात्यात दोन ठेवी आहेत, व्याज ५०० आणि ३००. उत्तर ८००, बरोबर. दुसऱ्या खात्यात एकच ठेव, व्याज २००. उत्तर येतं १,०००. तिसऱ्याचं खरं व्याज ४००, उत्तर १,४००. आता चूक किती, ते काढा. दुसऱ्या ओळीत ८०० जास्त, तिसऱ्या ओळीत १,००० जास्त. ८०० हे पहिल्या ओळीचं उत्तर आणि १,००० हे दुसऱ्या ओळीचं. प्रत्येक ओळीतली चूक म्हणजे नेमकं आधीच्या ओळीचं उत्तर, असं दिसलं की सूत्राकडे बघायची गरजच उरत नाही. मागचं शिल्लक पुढे चाललंय, एवढं ते आकडे उघड सांगतात. कळमन्याच्या मार्केटमध्ये संत्र्याचे क्रेट मोजताना काटा शून्यावर न आणता पुढच्या शेतकऱ्याचा माल चढवला तर जे होईल, तेच इथे होतं.

व्हॅल्यू नेमकी कधी लागू होते, याचा नियम छोटा आहे. प्रोग्रॅम आपल्या मूळ अवस्थेत असेल तेव्हाच. एका रन युनिटमध्ये त्या प्रोग्रॅमला पहिल्यांदा कॉल होतो तेव्हा तो मूळ अवस्थेत असतो. कॅन्सल करून, म्हणजे मेमरीतून सोडून देऊन, पुन्हा कॉल केला तर असतो. आणि प्रोग्रॅम-आयडीच्या ओळीत इनिशियल असं लिहिलं असेल तर प्रत्येक कॉलला असतो. या तिन्हींपैकी काही नसेल तर मागच्या कॉलनं जे ठेवलं तेच पुढच्याला मिळतं. रन युनिट म्हणजे साध्या बॅचमध्ये जेसीएलच्या, म्हणजे जॉब चालवायच्या सूचनांच्या, एका स्टेपनं मुख्य प्रोग्रॅम सुरू केल्यापासून तो संपेपर्यंतचा सगळा प्रवास, त्यात कॉल झालेले सगळे सबप्रोग्रॅम धरून. गोबॅक किंवा एक्झिट प्रोग्रॅमनं सबप्रोग्रॅम फक्त परत फिरतो, त्याची मेमरी जागेवर राहते. स्टॉप रन मात्र अख्खं रन युनिट बंद करतं, मग ते सबप्रोग्रॅममध्ये लिहिलेलं का असेना. म्हणून 'पहिलंच खातं झालं आणि जॉब संपला' अशी तक्रार आली तर आधी सबप्रोग्रॅममध्ये स्टॉप रन शोधावं.

हे असं का केलं असेल? मेमरी महाग होती. १९५९ सालीच आलेल्या आयबीएम १४०१ ची मेमरी वाढवून वाढवून १६,००० कॅरेक्टरपर्यंत जायची. तेवढ्यात प्रोग्रॅमही बसवायचा आणि डेटाही. अशा मशीनवर जागा एकदा ठरवून टाकायची आणि तीच वापरत राहायची, हेच शहाणपणाचं होतं. आणि त्या टिकून राहण्याचा उपयोगही आहे. दरांचं टेबल फाइलमधून वाचायचं असेल तर पहिली-वेळ नावाचा एक स्विच ठेवतात. पहिल्या कॉलला तो 'होय' असतो, टेबल भरलं जातं, स्विच 'नाही' होतो, आणि पुढच्या लाखो कॉलना टेबल तयार मिळतं. जुन्या कोडमध्ये ही रचना जागोजागी आहे आणि ती चांगली रचना आहे.

याच कारणानं दुरुस्ती करताना जपावं लागतं. एकूण-व्याज शून्य होत नाही म्हणून कोणी घाईत प्रोग्रॅम-आयडीपुढे इनिशियल लिहितो. आकडा बरोबर येतो, टेस्ट पास होते. पण आता पहिली-वेळ स्विचही प्रत्येक कॉलला 'होय' होतो आणि दरांची फाइल प्रत्येक खात्यासाठी उघडून, वाचून, बंद केली जाते. टेस्टमध्ये दहा खाती असतात, तिथे कळत नाही. प्रॉडक्शनमध्ये लाखो खाती असतात आणि बॅचची विंडो, म्हणजे तिला ठरवून दिलेली वेळ, ओलांडली जाते. कॅन्सलचंही तसंच, शिवाय त्यात आणखी एक अडचण आहे: लिंक करतानाच मुख्य प्रोग्रॅममध्ये जोडून टाकलेल्या, म्हणजे स्टॅटिक कॉलच्या सबप्रोग्रॅमवर ते चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या फील्डचं आयुष्य एका कॉलपुरतं आहे ते प्रोसिजर डिव्हिजनच्या पहिल्याच पॅरेग्राफमध्ये हातानं शून्य करावं. मूव्ह झिरो टू एकूण-व्याज, बस. ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसते, कॉल स्टॅटिक असो की डायनॅमिक (चालताना जोडला जाणारा), फरक पडत नाही, आणि दहा वर्षांनी कोणी कंपायलर बदलला तरी ती तशीच चालते. नवीन प्रोग्रॅम लिहीत असाल तर अशी फील्ड लोकल-स्टोरेज सेक्शनमध्ये ठेवा. ती जागा प्रत्येक कॉलला नव्यानं मिळते आणि तिथली व्हॅल्यू प्रत्येक कॉलला लागू होते. जावा-पायथनवाल्यांना अपेक्षित असलेलं वागणं तिथेच मिळतं. मग वर्किंग-स्टोरेजमध्ये फक्त दोनच प्रकारचं सामान उरतं: कधीच न बदलणारं, आणि मुद्दाम टिकवायचं. असा वाटा केलेला प्रोग्रॅम वाचायला सोपा जातो.

टिकून राहण्याचा आणखी एक चेहरा फाइलमध्ये दिसतो. सबप्रोग्रॅमनं फाइल उघडली, बंद न करता गोबॅक केलं, आणि दुसऱ्या कॉलला पुन्हा ओपन केली, तर फाइल स्टेटस ४१ येतं. म्हणजे उघडलेलीच फाइल पुन्हा उघडताय. नवीन माणूस ४१ बघून डेटासेट तपासतो, जेसीएल तपासतो. तिथे काही सापडत नाही, कारण दोष मागच्या कॉलमध्ये असतो.

आता सॉक-सेव्हन

एस झिरो सी सेव्हन, बोलताना सगळे सॉक-सेव्हन म्हणतात. हा अबेंड (प्रोग्रॅम फाटल्याचा कोड) म्हणजे प्रोसेसरला दशमान आकडा म्हणून जे दिलं ते आकडाच नव्हतं. यातला मोठा वाटा सुरुवातीची किंमत न मिळालेल्या किंवा चुकीची मिळालेल्या फील्डचा असतो.

कॉम्प-थ्री, म्हणजे पॅक्ड दशमान, समजून घेतलं की अर्धं काम होतं. पाच अंकी चिन्हासह फील्ड तीन बाइटमध्ये बसतं. अधिक १२३४५ असेल तर हेक्समध्ये ते १२ ३४ ५सी असं दिसतं. प्रत्येक अर्ध्या बाइटमध्ये एक अंक, आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचं. शून्य असेल तर ०० ०० ०सी. आता त्याच तीन बाइटमध्ये मोकळ्या जागा, म्हणजे स्पेसेस, भरल्या तर काय होईल? मेनफ्रेमच्या एब्सिडिक या अक्षर-कोडमध्ये स्पेस म्हणजे हेक्स ४०. तीन बाइट झाले ४० ४० ४०. चिन्हाच्या जागी आला शून्य, आणि शून्य हे चिन्ह नव्हे. बेरीज करायला गेलात की सॉक-सेव्हन. लो-व्हॅल्यूज भरल्या, म्हणजे ०० ०० ००, तरी तेच. बघणाऱ्याला वाटतं की सगळी शून्यंच तर आहेत, पण चिन्ह नाही म्हणून तो आकडा नाही.

स्पेसेस तिथे पोचतात कशा? बहुतेक वेळा एका निष्पाप दिसणाऱ्या ओळीतून: मूव्ह स्पेसेस टू ग्राहक-रेकॉर्ड. ग्राहक-रेकॉर्ड हा ग्रुप आहे, आत नाव आहे, पत्ता आहे आणि शिल्लक नावाचं कॉम्प-थ्री फील्डही आहे. ग्रुपवर केलेलं मूव्ह आतल्या फील्डचा प्रकार विचारत नाही. सगळा पट्टा एक अक्षरमाळ समजून स्पेसेस ओतते. नाव रिकामं झालं, पत्ता रिकामा झाला, आणि शिल्लक बिघडली. शिल्लकेच्या ओळीपुढे व्हॅल्यू झिरो असली तरी ती केव्हाच पुसली गेलेली असते.

यासाठी १९८५ च्या मानकात इनिशियलाइज ही क्रिया आली. ग्रुपचं नाव दिलं की ती आतल्या प्रत्येक फील्डचा प्रकार बघते, आकड्यांना शून्य आणि अक्षरांना स्पेसेस देते. ग्रुप साफ करायचा असेल तर हीच वापरावी. फक्त तिचे तीन स्वभाव आधीच माहीत हवेत. फिलर म्हणून सोडलेल्या बिननावाच्या जागांना ती हात लावत नाही, त्यामुळे तिथला कचरा तसाच आउटपुट रेकॉर्डमध्ये जातो. ग्रुपच्या आत रीडिफाइन्स केलेली, म्हणजे त्याच जागेला दुसरा प्रकार देणारी, फील्ड ती वगळते, मूळ फील्डच्या प्रकारावरच चालते. आणि साधी इनिशियलाइज व्हॅल्यू बघत नाही. याचा फटका जोरात बसतो. समजा त्याच ग्रुपमध्ये व्याज-दर, व्हॅल्यू ७.५ असं आहे. इनिशियलाइज केल्यावर व्याज-दर ७.५ होत नाही, शून्य होतो, आणि त्या क्षणापासून सगळ्यांचं व्याज शून्य. लिहिलेल्या व्हॅल्यूवर परत नेण्याची सोय २००२ च्या मानकात वेगळ्या शब्दांनी दिली आहे, पण ती तुमच्या कंपायलरमध्ये असेल तरच. नाहीतर दरासारखी फील्ड वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवणंच बरं.

कॉल करणाऱ्यानं दिलेला डेटा जिथे दिसतो त्या लिंकेज सेक्शनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची. ती जागा कॉल करणाऱ्याची आहे. तिथे आकड्यापुढे लिहिलेली व्हॅल्यू मेमरीत काही भरत नाही, ८८ लेव्हलच्या, म्हणजे किमतीला नाव देणाऱ्या, अटींसाठी मात्र ती नेहमीसारखी चालते. तिथे कचरा दिसला तर चूक वरच्या प्रोग्रॅममध्ये शोधा, नाहीतर दोन्हीकडच्या लेआउटची लांबी जुळते का ते बघा.

टेस्टवर चालतं, प्रॉडवर फाटतं

ज्या फील्डला व्हॅल्यूच दिलेली नाही तिथे सुरुवातीला काय असेल, हे कोबोलचं मानक सांगत नाही. म्हणजे प्रत्येक कंपायलर आपल्या मर्जीचा. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ते रनटाइमच्या स्टोरेज ऑप्शनवर आणि कंपाइल ऑप्शनवर अवलंबून असतं. मायक्रो फोकसचा कंपायलर मूळ सेटिंगमध्ये स्पेसेस भरतो. ग्नू-कोबोल हा कंपायलर मूळ सेटिंगमध्ये फील्डच्या प्रकाराप्रमाणे शून्य किंवा स्पेसेस देतो. एकच सोर्स तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी सुरू होतो. टेस्ट रीजन आणि प्रॉडक्शनचे ऑप्शन वेगळे असतील तर एकाच मशीनवरही हे घडतं.

मेनफ्रेमवरून दुसरीकडे नेण्याची कामं सध्या पुष्कळ आहेत, आणि त्यात हा मुद्दा सर्वांत आधी घ्यायला हवा. वीस वर्षं चाललेला प्रोग्रॅम नव्या जागी फाटतो आणि दोष नव्या मशीनला दिला जातो. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅम वीस वर्षं फक्त जुन्या मेमरीत योगायोगानं असलेल्या शून्यांवर चाललेला असतो. आयबीएमच्या जुन्या कंपायलरवरून पाच किंवा सहा आवृत्तीवर जातानाही असं होतं. आकड्याच्या फील्डमध्ये स्पेसेस असताना जुना कंपायलर काही ठिकाणी त्यांना शून्य धरून पुढे जायचा, कारण त्यानं निवडलेल्या मशीन-सूचना तशा होत्या. नवा कंपायलर वेगळ्या सूचना निवडतो आणि तोच डेटा वेगळं उत्तर देतो किंवा फाटतो. नव्या कंपायलरमध्ये इनिटचेक आणि नमचेक असे ऑप्शन आहेत. पहिला कंपाइल करतानाच सुरुवात न केलेली फील्ड दाखवतो, दुसरा चालताना आकड्याच्या फील्डमधला वाईट डेटा पकडतो. टेस्टमध्ये दोन्ही चालू ठेवा, यादी लांबलचक आली तरी ती पूर्ण वाचा.

सीआयसीएसमध्ये, म्हणजे मेनफ्रेमवर स्क्रीनवरचे व्यवहार चालवणाऱ्या यंत्रणेत, गाडी उलट दिशेनं अडते. तिथे प्रत्येक टास्कला वर्किंग-स्टोरेजची ताजी प्रत मिळते. युजरनं एंटर दाबलं, स्क्रीन गेली, टास्क संपला. पुन्हा एंटर दाबलं की नवा टास्क, नवी प्रत, सगळ्या व्हॅल्यू पुन्हा मूळच्या. बॅचमधून आलेला माणूस मोजणी वर्किंग-स्टोरेजमध्ये ठेवतो आणि प्रत्येक स्क्रीनला ती कायम १ च दाखवते. टिकवायचं ते कॉमएरियात, म्हणजे पुढच्या टास्ककडे सोपवायच्या जागेत, द्यावं लागतं, आणि आत शिरताना त्या जागेची लांबी सांगणारं ईआयबीकॅलेन शून्य आहे का ते आधी बघावं लागतं. शून्य म्हणजे मागून काहीच आलेलं नाही. तरी कॉमएरियाला हात लावला तर टास्क फाटू शकतो.

एएस-४०० वर, म्हणजे आजच्या आयबीएम आय वर, आरपीजी ही भाषा लिहिणाऱ्यांनाही हेच दुखणं आहे, नावं वेगळी. एलआर (शेवटचा रेकॉर्ड) हा इंडिकेटर ऑन करून संपलेला प्रोग्रॅम पुढच्या कॉलला नव्यानं सुरू होतो. एलआर ऑफ ठेवून नुसतं रिटर्न केलं तर फील्ड तशीच राहतात आणि आयएनझेडएसआर ही सुरुवातीची सबरूटीन पुन्हा चालत नाही. डेटा स्ट्रक्चरला आयएनझेड दिलं नसेल तर तिच्यात ब्लँक भरलेले असतात, आतलं फील्ड आकड्याचं असलं तरी. मग पहिल्याच बेरजेला डेसिमल डेटा एरर. सुट्या आकड्याच्या फील्डला हा त्रास नाही, त्याला शून्य मिळतं, म्हणून लोक गोंधळतात.

शोधायचं कसं

सर्वांत स्वस्त चाचणी ही: एकच रेकॉर्ड इनपुटमध्ये दोनदा द्या. तोच खाते क्रमांक, त्याच ठेवी, एकाखाली एक. दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. वेगळी आली तर प्रोग्रॅमला मागचं आठवतंय, हे ठरलं. दुसरी चाचणी, रेकॉर्डचा क्रम उलटा करा. चूक खात्यासोबत गेली तर डेटात दोष आहे. चूक जागेवरच राहिली, म्हणजे पहिलं कुठलंही असलं तरी तेच बरोबर आलं, तर दोष सुरुवातीच्या किमतीत आहे. या दोन्हींना डंप, म्हणजे फाटल्यावर काढलेली मेमरीची प्रत, वाचावा लागत नाही.

त्यानंतर सबप्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या ओळीला दोन डिस्प्ले घाला: कितवा कॉल आहे, आणि संशयित फील्डमध्ये आत्ता काय आहे. कॉल मोजायचं फील्ड वर्किंग-स्टोरेजमध्येच ठेवा, लोकलमध्ये नको. सिसआउटमध्ये, म्हणजे डिस्प्लेचं आउटपुट जिथे जातं तिथे, कॉल क्रमांक १, २, ३ असा वाढत दिसला तर प्रोग्रॅम मेमरीत टिकून आहे. प्रत्येक वेळी १ दिसला तर कोणीतरी कॅन्सल करतंय, इनिशियल लिहिलंय, किंवा सीआयसीएसचा नवा टास्क आहे. आणि १, २, १, ३, २ असं विचित्र दिसलं तर त्या सबप्रोग्रॅमच्या दोन प्रती मेमरीत आहेत, एक कुठेतरी स्टॅटिक जोडलेली आणि एक डायनॅमिक कॉलनं आलेली. दोघींची वर्किंग-स्टोरेज वेगळी. अशा वेळी लिंक-एडिटची, म्हणजे कोणते प्रोग्रॅम एकत्र जोडले त्याची, यादी काढून बघितल्याशिवाय उलगडा होत नाही.

संशयित आकडा डिस्प्ले करताना तो फाटायची भीती असेल तर त्याच जागेवर अक्षरांचं फील्ड रीडिफाइन करून घ्या आणि सिसआउट हेक्स ऑन करून वाचा. ४० ४० ४० दिसलं तर ग्रुप मूव्ह शोधा. ०० ०० ०० दिसलं तर लो-व्हॅल्यूज किंवा कधीच न भरलेली जागा. वाचता येतील अशी अक्षरं दिसली, एखाद्या नावाचा तुकडा वगैरे, तर लेआउट सरकलाय, सुरुवातीच्या किमतीचा इथे संबंध नाही.

दोष सापडला, ओळ घातली, बदल प्रॉडक्शनला गेला, तरी तिकीट बंद करू नका. व्याजकाढसारखा प्रोग्रॅम फाटलेला नसतो, तो रोज रात्री चुकीचे आकडे लिहीत बसलेला असतो. तो दोष कुठल्या तारखेच्या मॉड्यूलपासून आला ते बघा, त्या तारखेपासूनच्या प्रत्येक रनचं इनपुट आर्काइव्हमधून मागवा, दुरुस्त प्रोग्रॅममधून पुन्हा काढा आणि फरकाची यादी बिझनेसच्या हातात द्या. प्रत्येक रनमधलं पहिलं खातं त्या यादीत नसावं. ते असेल, तर आणखी एक दोष शिल्लक आहे.